छप्पर, जमीन, भिंत

अनुदान नामंजूर झालं. ग्रामकचेरीबाहेरच्या फळ्यावर यादी लागली तेव्हा सिंबोक तुमिराच्या नावापुढे 'घर सुस्थितीत' असा शेरा होता, आणि फळ्याखालच्या गवतात कुणाची तरी कोंबडी अंडं घालून गेली होती. एवढं सांगून झालं. आता ही यादी कुणी वाचलीच नाही असं धरून चालायचं, कारण घरातल्या सगळ्यांनी तसंच ठरवलं. यादी लागली नाही, फळाही नव्हता. अंडं तेवढं विनार्सीने घरी आणलं.

तर मागे जायचं. घराच्या पाहणीला एक दिवस उरला होता, आणि वारसिदी सकाळच्या बसने उतरला.

सिंबोक म्हणजे आई; तुमिराला सगळे तसंच म्हणायचे. वारसिदी हा तिचा थोरला मुलगा. राजधानीत ढकलगाडीवर बाक्सो विकायचा. मांसाचे गोळे आणि त्यावर वाफाळतं पाणी, वर्षानुवर्षं. अंगाला तोच वास येत असल्यामुळे तो आला की आळीतली मांजरं त्याच्या मागे घरापर्यंत यायची आणि हा माणूस गावात लोकप्रिय आहे असं लांबून वाटायचं. या वेळी त्याने हातात मिठाईचं खोकं आणि पोटात बातमी आणली होती. त्याच्या मुलीला, प्रातिवीला, मागणी येणार होती. मुलाकडची माणसं चांगल्या घरची होती. लग्नकार्याला वर्ज्य असलेला सुरो महिना संपला की रीतीप्रमाणे आजीच्या घरी, म्हणजे इथेच, येणार होती.

विनार्सी ओसरीवर साबुकंद सोलत बसली होती. तिने बातमी ऐकली, चांगलं झालं म्हणाली, आणि सोलत राहिली. धाकट्या बहिणीने एवढ्या बातमीवर निदान सुरी खाली ठेवावी अशी वारसिदीची अपेक्षा होती.

"उद्या घराच्या पाहणीला बाई येणार आहेत, कांग," ती म्हणाली. थोरल्या भावाला इकडे कांग म्हणतात. "अनुदान मिळालं तर सिंबोकच्या खोलीवर छप्पर येईल. मिळालं तर घरावर शिक्काही येईल."

"कसला शिक्का?"

"गरीब कुटुंब. लाल रंगात. दर्शनी भिंतीवर."

वारसिदीने मिठाईचं खोकं पुन्हा काखेत घेतलं.

घर दोन तोंडांचं होतं, म्हणजे पुढून एक आणि मागून दुसरंच. पुढची खोली विटांची, आणि तिच्या जमिनीवर पांढऱ्या फरश्या, प्रत्येकीच्या मधोमध एक गुलाबी गुलाब. त्या फरश्या वारसिदीने पाठवल्या होत्या. वडील गेले त्या वर्षी त्यांचं शव उघड्या मातीवर ठेवावं लागलं, हे त्याच्या मनाला लागलं होतं. पुढल्या वर्षभर त्याने गोळ्यांमध्ये पीठ जरा जास्त घातलं आणि फरशी केली. मागची खोली मात्र बापाच्या वेळची होती. तट्ट्यांची कुडाची भिंत, मातीची जमीन, आणि वरच्या वाशांत वाळवी इतकी की तिला कुटुंबपत्रात नाव मागायचा हक्क होता. गेल्या पावसाळ्यात भिंतीचा एक कोपरा गेला, मग कौलं घसरली. त्या भोकाच्या बरोबर खाली सिंबोकचा लग्नातला पलंग होता. पलंगाच्या खांबाला विनार्सीच्या नवऱ्याने, गिमानने, एक मोठी काळी छत्री बांधून दिली होती. पाऊस नव्हता तेव्हाही ती उघडीच असायची, कारण वरून भुसा पडायचा, कौलाचे तुकडे पडायचे, एकदा तर पाल पडली आणि सिंबोकने तिची माफी मागितली.

पलंग पुढच्या खोलीत हलवू, असं विनार्सी कितीदा म्हणाली होती. दारातून तो जाणार नव्हता, पण भिंतीचा कोपरा गेल्यापासून तेवढी वाट आयती झाली होती. सिंबोक ऐकत नसे. पुढची खोली पाहुण्यांची. पाहुणे आले आणि समोर म्हातारी पसरलेली दिसली तर त्यांनी बसायचं कुठे, असं ती विचारी. पाहुणे वर्षातून दोनदा यायचे.

विनार्सी दोन वर्षं घर शोधत नव्हती, घर सावरायला पैसे कोण देतं ते शोधत होती, आणि या कामाने माणूस घर बांधण्यापेक्षा जास्त दमतो. बँकेचं कमी व्याजाचं कर्ज होतं, त्याला पगाराची चिठ्ठी लागायची. गिमान खाणीत दगड फोडायचा. खाणीच्या मालकाने मोठ्या मनाने सिगारेटच्या पाकिटावर चिठ्ठी लिहून दिली. बँकेतल्या माणसाने तिची आदराने छायाप्रत काढली आणि मूळ पाकीट परत केलं. मग आपत्ती निवारणाची खिडकी. तिथे कळलं की पडलेलं घर चालतं, पडणारं नाही. पडलं की लगेच या, म्हणाले, आणि खरंच आपुलकीने म्हणाले. मशिदीच्या समितीकडे विधवांसाठी निधी होता. सिंबोक विधवा होती, पण तिला तीन धडधाकट मुलं होती. मुलं नसती तर काम आजच झालं असतं, असं सचिव हळहळून म्हणाले, तेव्हा सिंबोकने मुलं झाल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली.

राहता राहिली ही योजना, राहण्यास अयोग्य घरांची. सामान सरकार देणार, अंगमेहनत घरच्यांची. यातले बारकावे युवोनोला पाठ होते. युवोनो हा शेंडेफळ; बाजारात छायाप्रतींचं दुकान चालवायचा. गावातला प्रत्येक अर्ज त्याच्या यंत्राखालून जायचा आणि तो सगळे वाचायचा, त्यामुळे कुणाचं काय नाकारलं गेलं आहे हे त्याला अर्जदाराच्या आधी माहीत असायचं. तो दुपारी दुकान बंद करून आला. सगळे गुलाबांवर मांडी घालून बसले.

युवोनोने सांगितलं ते असं. बाई तीनच गोष्टी बघतात. छप्पर, जमीन, भिंत. तिन्हींतल्या दोन वाईट असल्या तर घर अयोग्य. एकच वाईट असली तर घर चांगलं, मग ती एक डोक्यात का पडेना. छप्पर वाईट आहे, त्याची काळजी नाही. भिंतीचं सांगता येत नाही. पुढून वीट, मागून तट्टी, बाईंच्या मनावर आहे. म्हणजे भरवशाची दुसरी गोष्ट राहिली जमीन. एवढं बोलून झालं आणि सगळ्यांनी खाली पाहिलं.

"माझी फरशी?" वारसिदी म्हणाला.

"फरशी छान आहे, कांग. तोच तर घोळ आहे."

मग जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कुणाचाच चढला नाही. या घरात आवाज न चढवता माणसं एकमेकांशी महिनोन् महिने अबोला धरतात. मागे शेळ्यांच्या वाटणीवरून युवोनो आणि वारसिदी दोन ईदा बोलले नव्हते. वारसिदीचं म्हणणं होतं की होणारे सोयरे दारात उभे राहून आधी भिंत वाचतील, मग मुलगी बघतील. विनार्सीचं म्हणणं होतं की सोयरे एक दुपार येतील, सिंबोक रोज रात्री झोपते. युवोनो आधी बहिणीच्या बाजूने होता. मग वारसिदीने त्याच्या दुकानाच्या नव्या यंत्राच्या पैशांचा विषय सहज काढला, तेव्हा त्याला शिक्क्याची दुसरी बाजूही दिसू लागली. विनार्सीने मिठाईचं खोकं उघडून त्याच्यापुढे सरकवलं. दोन तुकडे खाऊन तो पुन्हा तिच्याकडे आला.

गिमान सगळा वेळ दाराशी बसून विडीची राख तळहातावर झाडत होता. जावई असल्यामुळे त्याला मत नव्हतं. तो म्हणाला, "काल रात्री छत्रीवर वासा पडला."



"पडला नाही," सिंबोक म्हणाली. "उतरला."

वारसिदी उठून मागच्या खोलीत गेला. तिथे तो बराच वेळ होता. छत्रीची एक काडी वाकलेली होती आणि कापडावर मुठीएवढा खळगा होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत भुसा होता आणि तो त्याने झटकला नाही.

"फरशीला हात लावायचा तर मी लावणार," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी लावायचा नाही. पाहणी झाली की परत बसवायची. आणि शिक्का दारापाशीच्या रांजणाच्या मागे मारायला सांगायचा."

"शिक्का कुठे मारायचा ते त्या ठरवतात, कांग."

"मी समोर केळ लावतो," युवोनो म्हणाला. "जोरात वाढणारी."

वारसिदीने छिन्नी मागितली. दुपारभर तो उकिडवा बसून एकेक गुलाब उचलत होता, फुंकर मारून नेसलेल्या सारोंगला पुसत होता, आणि त्याला मदत करायला गेलेल्या प्रत्येकाला नजरेने परतवत होता. विनार्सीला त्याची दया आली, पण दया आली म्हणून ती थांबली नाही. इतक्या खिडक्यांशी उभी राहून तिची दया जरा मागच्या रांगेत गेली होती. संध्याकाळपर्यंत खोलीत माती उघडी पडली. बाप गेला त्या दिवशीसारखीच दिसत होती. सिंबोक तिच्यावरून अनवाणी चालत गेली आणि म्हणाली, पायांना ओळखीची लागते.

आता फरश्या ठेवायच्या कुठे. घरात दिसायला नकोत. वारसिदीने त्या शेजारी पाक दार्मोंच्या पडवीत नेऊन रचल्या. पाक दार्मो आळीचे प्रमुख; पाक हे वडीलधाऱ्यांना मानाने म्हणायचं. वयाने मोठे, मनाने त्याहून मोठे, आणि कानाने जेमतेम. तिथे काय बोलणं झालं ते विनार्सीला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा ते कळून काही उपयोग नव्हता.

पाक दार्मोंनी विचारलं, फरशी का काढली. वारसिदीला खरं सांगवेना. गरीब ठरायला काढली, हे वाक्य राजधानीत बाक्सो विकणाऱ्या माणसाच्या तोंडून निघत नाही. तो म्हणाला, उद्या जिल्ह्याच्या बाई येणार आहेत. पाक दार्मो चकित झाले. जिल्ह्याची बाई येणार आणि तुम्ही जमीन उखडून बसलात? वारसिदी म्हणाला, हो जी. वडीलधाऱ्यांना दुसरं उत्तर देता येत नाही. म्हणजे काम अर्धवट राहिलंय तर, पाक दार्मो म्हणाले. हो जी. मग उद्या बाईंच्या आधी घर नीटनेटकं व्हायला हवं ना? आणि वारसिदी, ज्याला आयुष्यात कधीही एवढा वेळ मातीत बसावं लागलं नव्हतं आणि ज्याची कंबर धरली होती, तिसऱ्यांदा म्हणाला, हो जी.

सकाळची नमाज झाली आणि आळीच्या चौकीत टांगलेला पोकळ बांबू वाजू लागला.

तो वाजला की प्रत्येक घरातून एकाने यायचं, हातात काहीतरी घेऊन. आग लागली, कुणी गेलं, कुणाचं घर बांधायचं असलं, तरी तोच बांबू. विनार्सी चूल पेटवत होती. कुणाला काय झालं म्हणून ती लगबगीने बाहेर आली, तर सगळी आळी तिच्याच अंगणात येत होती. कुणाकडे चुन्याची बादली, कुणाकडे बांबू, कुणाकडे शिडी. बऱ्याच जणांनी आपापल्या घराच्या मागे पडून असलेली जुनी कौलं डोक्यावरून आणली होती, प्रत्येकाच्या कौलाचा रंग वेगळा. सुतार आला होता. दोन गवंडी आले होते. आणि पाक दार्मो सगळ्यांच्या पुढे, पूर्वी न दिसलेल्या उत्साहात.

"जिल्ह्याचा पाहुणा एका घरी येत नाही," ते म्हणाले. "आळीकडे येतो."

विनार्सीने हात जोडले. ती म्हणाली, "पाक, नको. खरंच नको."

इथे एक अडचण आहे, आणि ती फक्त इथलीच आहे. आमच्याकडे नको हा शब्द हो म्हणण्याआधीची पायरी आहे. चहा विचारला की नको म्हणायचं, जेवायला बोलावलं की नको म्हणायचं, मदत आली तर नको म्हणायचंच. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्याला आईबापांनी काही शिकवलं नाही असं समजतात. त्यामुळे विनार्सीचं पहिलं नको ऐकून पाक दार्मो प्रसन्न झाले. दुसऱ्या नकोला त्यांची बायको म्हणाली, किती संकोची पोर आहे. तिसऱ्यांदा विनार्सी शिडीसमोर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, कृपा करून आज काही करू नका. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून आणखी चार जण सारोंग खोचून पुढे सरसावले.

खरं कारण सांगावं, असं तिच्या ओठावर आलं होतं. घर मोडकंच दिसायला हवंय. पण अंगणात त्या वेळी अशी किमान तीन माणसं उभी होती ज्यांची घरं या घराहून मोडकी होती, आणि ज्यांनी आपली राखीव कौलं तिच्यासाठी आणली होती. त्यांच्यासमोर ते वाक्य तिला गिळता आलं, बोलता आलं नाही.

मग कामाला आलेल्यांना खाऊपिऊ घालणं आलं. ते कुणी सांगावं लागत नाही. ज्या हातांनी तिचं अनुदान घालवायला घेतलं होतं त्या हातांना तिने साखरेचा चहा दिला, साबुकंद तळला, सोयाबीनचे टेंपे तळले, आणि तेल संपलं तेव्हा पाक दार्मोंच्या बायकोने आपल्या घरून तेल आणलं, म्हणजे तेही राहिलं नाही.

फरश्या परत आल्या. गवंड्यांनी आधी पाणसळ लावली, मग खाली सिमेंटचा थर दिला, आणि एकेक गुलाब असा बसवला की वारसिदीच्या वेळी जो कोपरा नेहमी वर राहायचा तोही आता बसला. वारसिदी बादली धरून उभा होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण फरशी खरोखर सुरेख झाली होती. कुणीतरी विचारलं, ही राजधानीतली का. तो म्हणाला, हो, माझीच. विनार्सीने दारातून त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो एकदम बादली घेऊन कुठेतरी गेला.

सगळ्यात जास्त गिमानने प्रयत्न केला. मागच्या भिंतीला एका बाजूने चुना लागत असताना तो पलीकडून, कुणाचं लक्ष नसताना, एक तट्टी हळूहळू सोडवत होता. दोघा तरुणांनी ते पाहिलं. एकट्याला झेपत नाही असं समजून ते धावले, आणि तीच तट्टी तारेने अशी आवळून गेले की ती आता घर पडलं तरी उभी राहिली असती. पडलेला कोपराही त्यांनी नवा बांबू घालून बंद केला. आतला बांबू भुसा झालेला होता, पण वरून पांढरा चुना, त्यावर ऊन. भिंत नवऱ्या मुलासारखी दिसत होती.

कौलं मात्र पुरली नाहीत. पुढून डोळ्यांना दिसेल तेवढं छप्पर भरलं, बाजू भरल्या, आणि मागे सिंबोकच्या पलंगावर येता येता शेवटचं कौल संपलं. पाक दार्मो म्हणाले, काही हरकत नाही, तिथे बाई कशाला वर बघतील. तेवढ्यात मोटारसायकल आली आणि सगळी आळी घाईघाईने हात धुऊन रांगेत उभी राहिली.

पाहणीच्या बाईंचं नाव हेस्ती. तरुण होत्या, धुळीने तोंड राखाडी झालेलं, पाठीवर पिशवी. सकाळपासून त्यांनी बरीच घरं पाहिली होती आणि प्रत्येक घरात कुणीतरी रडलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं. इथे कुणी रडत नव्हतं म्हणून त्या जरा गोंधळल्या. मालकिणीला घरासमोर उभं करून फोटो काढायचा नियम होता. सिंबोकने ठेवणीतला केबाया, सणासुदीचा झंपर, घातला होता, तो या बाईंचा मान म्हणून. तिच्या मागे पांढरीशुभ्र भिंत, वर रंगीबेरंगी छप्पर, आणि दोन्ही बाजूंना हसणारी आळी. फोटो लग्नातला वाटला असता.

हेस्ती आत आल्या. गुलाबांवरून चालताना त्यांनी चपला काढल्या. मोबाईलवर काहीतरी दाबलं. युवोनोने मान लांब करून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मागच्या खोलीत विनार्सी त्यांच्याबरोबर एकटी गेली. छप्पर दाखवलं. भोकातून आभाळ दिसत होतं. वाशाला तिने बोट लावलं, तर बोट आत गेलं. भिंतीच्या चुन्यावर मूठ आपटली, तर आतून पीठ ओतल्यासारखा आवाज आला. हेस्ती बाईंनी सगळं पाहिलं. त्या वाईट नव्हत्या, हेच जास्त अवघड होतं.

"वाळवी मला दिसते आहे, ताई," त्या म्हणाल्या. "पण मला विचारलेलं आहे ते छप्पर, जमीन, भिंत. वाशाचा रकाना नाही. जमीन चांगली धरावी लागेल, ती मोठ्या खोलीची धरतात. छप्पर वाईट लिहिते. भिंत..." त्या थांबल्या. "एक करता येतं. राहणाऱ्याने स्वतः सांगितलं की भिंतीची भीती वाटते, त्रास होतो, तर मला धोकादायक लिहिता येतं. चुना असला तरी. मग दोन होतात. आजींनाच सांगावं लागेल. अर्जदार त्या आहेत."

विनार्सी धावतच सिंबोकला घेऊन आली. वाटेत तिच्या कानात सांगितलं. फक्त भीती वाटते म्हण. एवढंच म्हण. सिंबोकने मान डोलावली.

सिंबोक पलंगाच्या काठावर बसली, छत्रीच्या सावलीत. हेस्ती बाई खाली वाकल्या आणि लहान मुलाला विचारावं तसं म्हणाल्या, "आजी, इथे झोपताना काही त्रास होतो का? भिंतीची भीती वाटते का?"

सिंबोकने त्यांच्याकडे पाहिलं. धुळीने भरलेली, घामेजलेली, परक्या गावातली पोर. अजून चहाही घेतला नव्हता तिने. एवढ्या लांब आलेल्या पाहुणीसमोर आपली रडगाणी गायची?

"नाही गं बाई," ती म्हणाली. "काही त्रास नाही."

"सिंबोक," विनार्सी म्हणाली.

"खरंच नाही. देवाची कृपा आहे. वरून काही आलं तर छत्री आहे ना." आणि सिंबोकने ती पाहुणीला नीट दिसावी म्हणून जरा तिरकी केली. "गिमानने बांधून दिली. तुम्ही बसा आधी. थकलात."

हेस्ती बाई क्षणभर तशाच वाकून राहिल्या. आळीत कुणीही असतं तर काही त्रास नाही या शब्दांचा अर्थ ताबडतोब कळला असता. दुसऱ्यांदा विचारलं असतं, तिसऱ्यांदा विचारलं असतं, आणि तिसऱ्यांदा सिंबोकने कदाचित सांगितलंही असतं. पण बाई शहरातल्या होत्या आणि पुढे आणखी घरं होती. त्यांनी विनार्सीच्या देखत अंगठ्याने लिहिलं. रहिवाशास त्रास नाही. छपराच्या रकान्यात आधी लिहिलेलं वाईट त्यांनी पुसलं, मध्यम केलं, आणि कारण घातलं, पर्यायी व्यवस्था उपलब्ध.

सकाळपासून विनार्सीने तीनदा नको म्हटलं होतं आणि एकानेही ते ऐकलं नव्हतं. सिंबोकचं नाही मात्र पहिल्याच वेळी ऐकलं गेलं, आणि नोंदलंही गेलं.

चहा तयार होता. हेस्ती बाई नको म्हणाल्या, आणि नको म्हणून खरोखर निघूनच गेल्या. आळी पाहत राहिली. पाक दार्मोंना ते फार लागलं.

संध्याकाळी सगळे पुन्हा गुलाबांवर बसले. पाठ टेकायला कुणाला भिंत वापरावीशी वाटत नव्हती. विनार्सीच्या हाताला तेलाचे चटके बसले होते. तिने रागवायचं ठरवलं होतं, पण रागवायला जी थोडी ताकद लागते ती उरली नव्हती. वारसिदीच म्हणाला की आता पलंग पुढे आणू, सोयरे आले तर बसतील पलंगावर सिंबोकशेजारी, आजी बघायलाच येणार आहेत ना. हे त्याने शिकवल्याविना म्हटलं. सिंबोकने नको म्हटलं, तेव्हा त्याने दुसऱ्यांदा विचारलं, मग तिसऱ्यांदा, आणि ती म्हणाली, बरं.

चौघांनी पलंग उचलला. दारापाशी आणला, आडवा केला, तिरका केला, उभा केला. दारातून तो जात नव्हता. आणि ज्या कोपऱ्यातून गेला असता तो कोपरा सकाळी दोन तरुणांनी नव्या बांबूने आणि तारेने पक्का बंद केला होता.

"तोडू का?" गिमान म्हणाला.

"त्यांनी एवढ्या प्रेमाने बांधलंय," सिंबोक म्हणाली. पलंग परत भोकाखाली गेला. गिमानने छत्रीची वाकलेली काडी सरळ केली.

मग विनार्सी युवोनोला म्हणाली, कागद काढ. कुणाला लिहायचं, त्याने विचारलं. सगळ्यांना, ती म्हणाली. दुकानातल्या हजारो अर्जांतून त्याच्या हाताला एक वळण आलं होतं. ती सांगत गेली, इतर मध्ये मध्ये भर घालत गेले, आणि त्याने काहीही न गाळता लिहिलं.

'माननीय गृहनिर्माण अधिकारी यांच्या सेवेशी. विषय: झालेली पाहणी झाली नाही असे समजण्याबाबत. महोदय, अर्जदार तुमिरा यांचे घर पाहणीच्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या प्रेमामुळे सुस्थितीत आले असून त्यात अर्जदाराचा कोणताही दोष नाही. तरी सदर प्रेम हिशेबात धरण्यात येऊ नये. मागील भिंत चुन्याखाली पडलेली आहे, ती पडलेली समजावी. पुढील फरशी ज्येष्ठ पुत्राची खाजगी भावना असल्याने तिची गणना जमिनीत करू नये. अर्जदाराने त्रास नाही असे जे सांगितले ते पाहुणचार म्हणून सांगितले. त्यांना आणखी दोन वेळा विचारण्यात यावे. त्यासाठी आपल्या बाईंना पुन्हा पाठवावे, आणि या वेळी चहा घेण्याचा लेखी आदेश त्यांना द्यावा. अनुदान मंजूर झाल्यास शिक्का भिंतीच्या आतील बाजूस मारावा. तसेच अर्जदाराच्या पलंगास बांधलेली काळी छत्री ही वैयक्तिक वापराची वस्तू असल्याने, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, ती छपरातून वगळण्यात यावी, ही नम्र विनंती.'